बोळातला झेंडा

शेषराव, तू गेलास त्याला आज अकरा दिवस झाले, आणि मी अजून तुझ्यावर नजर ठेवून आहे. सकाळी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलो की मान आपोआप तुझ्या दाराकडे वळते. कडी वाजली का, कोण बाहेर आलं, त्याच्या हातात काय आहे. बाहेर येतात ते तुझे पाहुणे. मग मी उगाच वर झेंड्याकडे बघतो आणि गार झालेला चहा पिऊन टाकतो.

नजर ठेवणं हा माझा धंदाच होता. जळगाव जामोद ते खामगाव, एसटीत वाहक म्हणून सगळी उमर गेली. सात वर्षांचं पोरगं मांडीवर दाबून 'चारचंच हाये हो' म्हणणाऱ्या आया, पास घरी विसरलेले मास्तर, तपासणीस चढला की झोपेचं सोंग घेणारे धट्टेकट्टे गडी, सगळे पाहून झाले. समोरचा माणूस गोड बोलायला लागला की हा काय लपवतोय, हे मी आधी शोधतो. आमची मंडळी म्हणते, तुम्ही देवळात गेले तर देवालेही तिकीट मागान. तू तर मला नावानं कधी हाक मारलीच नाहीस. 'कंडक्टर' म्हणायचास, आणि आपलं सगळं वरवट बकाल गाव तेच म्हणायला शिकलं.

तेव्हा हे जे लिहितोय ते तुझी स्तुती करायला नाही. स्तुती परवा देवळापुढच्या पारावर झाली. शेषराव म्हणजे देशभक्त, शेषराव म्हणजे गावाची शान. मी मागे बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, यांना बोळाचं कुठं माहीत आहे. मला तुझ्याकडून फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती. दोन वर्षांमागे मी तुझ्या झेंड्याला जे केलं, ते तुला कळलं होतं की नाही? तू जिवंत होतास तोवर विचारायची हिंमत झाली नाही. गेलास तेव्हा तुझ्या दारात रडणारे सगळे रडत होते आणि मी, खरं सांगतो, त्यांच्यात उभा राहून हाच विचार करत होतो, की हा माणूस ते कोणाला सांगून तर गेला नाही ना.

पण आधी खांबाचं बोलू.

तुझ्या माझ्या भिंतींमध्ये चार फुटांचा बोळ. तो कोणाचा, हे आपल्या बापांनाही ठरवता आलं नाही. तुझ्या पत्र्याचं पाणी त्यात पडतं आणि माझ्या मोरीचं त्यातून वाहतं. रिटायर झाल्यावर मी मोटारसायकल घेतली आणि एकदा पानठेल्यावर सहज बोलून गेलो, की बोळाच्या तोंडाशी सावली चांगली असते, गाडी तिथं लावीन म्हणतो. आठ दिवसांत बोळाच्या तोंडाशी सिमेंटचा चौथरा उभा. चौथऱ्यात लोखंडी पाईप, पायपाला कप्पी, कप्पीत दोरी आणि दोरीला तिरंगा. त्या वर्षी घरोघरी झेंडे लागत होते. लोकांनी गच्चीवर लावले, गॅलरीत लावले, कोणी तुराटीला बांधून खिडकीत खोचले. झेंडा घेऊन खाली बोळात उतरलेला तू एकटा.

मी लगेच ओळखलं. कोणी बाज टाकली तर उचल म्हणता येतं, बैल बांधला तर सोड म्हणता येतं. झेंडा काढ म्हणायची कोणाची छाती आहे? ग्रामपंचायतीची माणसं आली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेव्हा तू माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसलास. ते हसू मी अजून जपून ठेवलं आहे.

मग मी नियम वाचायला घेतले. मोबाइलवर शोधले, तालुक्याला गेलो तेव्हा एक पुस्तिका आणली, चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. देशासाठी नाही रे, तुझी चूक सापडावी म्हणून. लांबी-रुंदी तीनास दोन पाहिजे, तर मी भरदुपारी तू झोपलेला असताना दोरी सैल करून झेंडा मोजला. बरोबर निघाला. केशरी वर पाहिजे, तो वरच होता. फाटका, विटका झेंडा लावायचा नाही, हे वाचलं आणि मला बरं वाटलं. म्हटलं, आता सापडला. कारण आपल्याकडचं ऊन मला माहीत होतं. चैत्र-वैशाखात ते कापडावर बसलं की आधी केशरी पिवळट पडतो, मग हिरवा मळकट होतो. आखाडातला वारा सुरू झाला की खांबाकडची बाजू नीट राहते आणि मोकळी कड सुटते. एक धागा लोंबतो, मग दोन, मग झालर.

मी ओट्यावर बसून त्या कडेकडे बघत असायचो. पहिला धागा लोंबला की गल्लीत दहा घरांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचो, "शेषराव, फाटला बे तुहा झेंडा!"

तू बनियनवर बाहेर यायचास, डोळ्यांवर हात धरून वर बघायचास. "हाव बे, बराबर हाये." झेंडा खाली उतरायचा, आणि त्याच दिवशी पेटीतला दुसरा वर चढायचा. खामगावहून खादीचे आणून ठेवलेले असत तुझ्याकडे. पॉलिस्टरचा तुला चालत नसे. नांदुऱ्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, जन्मभर कापूस पारखलेला माणूस तू; बोटांच्या चिमटीत पुंजका ओढून धागा किती लांब ते सांगणारा. त्या चकचकीत झेंड्यांना तू हात लावून बघायचास आणि तोंड वाकडं करायचास.

असं दोन-तीनदा झालं. चौथ्यांदा मी ओरडलो तेव्हा तू दोरी सोडता सोडता म्हणालास, "तुह्याइतकं ह्या झेंड्याकडे गावात कोनी पाहत नाही, कंडक्टर. मले घरबसल्या राखनदार भेटला." मी त्या दिवशी जेवलो नाही. तुझी चूक पकडायला बसलो होतो आणि तू मला कामाला लावलं होतंस.

मग दुसरा संशय धरला. हा उतरवलेल्या झेंड्यांचं करतो काय? गावातले लोकही आपले जुने झेंडे तुझ्याकडे आणून देत. गच्चीवर विसरलेले, लिंबाच्या फांदीत अडकलेले, पोरांनी नालीत टाकलेले तू स्वतः वेचून आणायचास. धुतलेल्या पिशवीत घालून न्यायचास. मला वाटलं, इलेक्शन लढवतोय. मग वाटलं, सायकल पुसत असेल, इंजिनाला लावत असेल. ते जर एकदा डोळ्यांनी दिसलं, तर चौथऱ्यासकट खांब उपटून टाकीन, असं मी मनाशी ठरवलं होतं.

म्हणून एका सकाळी तुझ्या मागे आलो. तू पिशवी घेऊन शेताकडे निघालास, मी शंभर पावलं मागे. तू विहिरीवर थांबलास. बादलीत पाणी काढलंस, झेंडे एक एक करून धुतलेस, पिळले नाहीस, तसेच निथळू दिलेस आणि बाभळीच्या सावलीत दोरीवर टाकलेस. मी तुरीत बसून होतो. ऊन चढलं, मुंग्या चावल्या. झेंडे वाळेपर्यंत तू शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून बिडीसुद्धा ओढली नाहीस. मग बांधाच्या आड एक जागा झाडून घेतलीस, पऱ्हाट्या रचल्यास, घड्या घातलेले झेंडे त्यावर ठेवलेस, आणि तिथूनच, मागे न बघता म्हणालास, "ये कंडक्टर. बाहेर ये. आलाच हाय तं चपला काढून ये."

मी चपला काढून आलो. दुसरं काय करणार होतो.

"काऊन बे मागं मागं आला?"

"पाहत होतो तू काय करतो."

"मंग पाह्य. पन बोलू नको."

तू काडी ओढलीस. कापसाचं कापड आणि कापसाच्या काड्या. धूर सरळ वर गेला, वास घरच्या चुलीसारखा होता. तू हात जोडले नाहीस, घोषणा दिली नाहीस. नुसता उभा होतास. मीही उभा होतो. सगळं विझल्यावर तू राख निवू दिलीस आणि सरीत पुरलीस. मग पॉलिस्टरचे दोन झेंडे होते ते वेगळे काढलेस. "हे जयत नाही, हे टपकते," म्हणालास, आणि घडी करून खोक्यात घालून ते धुऱ्याखाली गाडलेस. मी विचारलं, धुतो कशाला, जाळायचाच आहे ना? तू माझ्याकडे असं बघितलंस, जसा मी शाळेत नापास झालोय. "मानसाले न्यायच्या आधी आंघोय घालत नाही काय आपन?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "गावातल्या लोकायचे फाटके तू काऊन जाळत बसतो? ज्याचे त्यानं जाळाव."

"झिजलेला असला तं कोनीही जाळाव," तू म्हणालास. "उन्हानं इटला, वाऱ्यानं फाटला, त्यात कोनाचा कसूर नाही. मुद्दाम बिघडवलेला असला तं गोठ वेगळी." आणि मग तुझ्या जिनातली गोष्ट सांगितलीस. गठाण बांधताना एखाद्यानं ओला कापूस आत जाऊ दिला तर कोणी केलं म्हणून विचारायची पद्धत नव्हती. ती गठाण एका बाजूला ठेवून द्यायचे. दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. "ज्यानं बिघडवली तो येते बरं का, कंडक्टर. आज नाही तं उद्या येते, आन आपल्या हातानं सोडते."

मी म्हटलं, "आन नाही आला तं?"

"येते," तू म्हणालास.

परत येताना रस्त्यात मी मुद्द्याचं विचारलं. "खरं सांग, खांब बोळातच काऊन लावला?"

तू चालता चालता थांबलास आणि पोट धरून हसलास. "तुही गाडी लागू नये म्हनून."

"आन झेंडा?"

"झेंडा खरा हाये बे. खांब लबाड हाये."

बघ, माझा संशय बरोबर होता. हे पारावर कोणी सांगितलं नाही, म्हणून मी इथं सांगतो. तू लबाड होतास. पण आपली लबाडी तोंडावर कबूल करणारा लबाड मी सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्या दिवशी मला तू पहिल्यांदा आवडलास, आणि म्हणून घरी येऊन मी तुझ्यावर जास्तच चिडलो.

आता ते सांगतो.

दोन वर्षांमागचा श्रावण. पानठेल्यावर पाच-सहा जण होते. तू बोलण्याच्या भरात म्हणालास, "आमचा कंडक्टर झेंड्याकडे असा पाहते, जसं झेंड्यानं तिकीटच नाही काढलं." सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. मीही हसलो आणि घरी आलो. घरी आल्यावर ते हसणं माझ्या कानात घोळत राहिलं. संध्याकाळी नातवानं मला तेच म्हणून दाखवलं, तेव्हा ते गल्लीभर झालंय हे कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू नांदुऱ्याला गेलास. मी तुला बसमध्ये चढताना पाहिलं, कारण मी पाहतच असतो. वहिनी आत झोपलेल्या. मी दाढीचं ब्लेड घेतलं, मधून मोडलं, अर्धं हातात धरलं. दोरी सोडून झेंडा खाली घेतला आणि मोकळ्या कडेला तीन ठिकाणी कापला. फार नाही, बोट बोट. माझा हिशेब असा की उरलेलं काम वारा करील, आणि पंधरा ऑगस्टला सगळं गाव जमलेलं असताना तुझा झेंडा चिंध्या होऊन फडफडेल. मग मी पुस्तिका घेऊन उभा राहीन.

झेंडा परत वर चढवताना हात घामानं ओले होते. ब्लेडचा तुकडा निसटला आणि चौथऱ्याजवळच्या गवतात पडला. मी बराच वेळ शोधला. सापडला नाही.

तू संध्याकाळच्या बसनं आलास. पिशवी खाली न ठेवताच वर बघितलंस. मी ओट्यावर बसलो होतो, पेपर उलटा धरला असेल तर मला आठवत नाही. तू झेंडा उतरवलास, कड बोटांत धरलीस. चिमटीत धरून, अंगठा फिरवून, जिनात कापूस बघायचास तसं. तुटलेला धागा आणि कापलेला धागा यातला फरक ज्या बोटांना डोळे मिटून कळतो, त्या बोटांनी तू ती कड बघितलीस. मग माझ्याकडे बघून म्हणालास, "वाऱ्यानं धरला वाट्टे, कंडक्टर."

एवढंच. दुसरा झेंडा वर गेला. पंधरा ऑगस्टला तो कोराकरकरीत होता.

शेषराव, त्या एका वाक्यानं तू माझी दोन वर्षं खाल्लीस. रागावला असतास तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. तू त्या दिवसापासून बोळाचा विषयच काढला नाहीस. हरभरा निघाला की पहिली जुडी माझ्याकडे. मी मनात म्हणायचो, ही जुडी कशासाठी? माझी मंडळी गुडघ्यानं अडून बसली तेव्हा खामगावच्या डॉक्टरकडे तू सोबत आलास, दिवसभर बाकावर बसलास. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, आता म्हणतो, मग म्हणतो. तू केळ्याची सालं टाकायला डबा शोधत होतास. कळलंय म्हणून इतका चांगला वागतोय, की कळलं नाही म्हणून? मी तुझं प्रत्येक वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं. एकदा तू सहज म्हणालास, "ह्या वर्षी काडेपेट्या लवकर सर्दायल्या." मी त्यावरही आठ दिवस विचार केला आणि सोडून दिला.

माफी मागावी असं कितीदा आलं मनात. ओट्यावरून उठायचो, तुझ्या दारापर्यंत यायचो. तू म्हणायचास, "ये, बस." मी म्हणायचो, "दोरी सैल झाली तुही." आणि परत फिरायचो.

मग तू भरउन्हात शेतातून आलास, पाणी मागितलंस, आणि वहिनी माठाजवळून येईपर्यंत गेलास. मला बोलावणं येईतो दारात माणसं जमली होती.

तुला बाहेर ठेवलं तेव्हाची गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. तुझा पुतण्या जळगाव जामोदहून आला होता, सोबत त्याचे मित्र. तो म्हणाला, काकांनी आयुष्यभर झेंडा सांभाळला, आज त्यांच्या अंगावर झेंडा पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो खांबाची दोरी सोडायला लागला, आणि मी ओरडलो, "हात लावू नको त्याले!"

सगळं अंगण थांबलं. "काका, आज तरी?" तो म्हणाला. मी म्हटलं, ते मान सैनिकाचे, सरकारी इतमामाचे. घरच्या माणसाच्या अंगावर झेंडा टाकत नाहीत. "शेषरावनंच सांगितलं होतं मले." हे खोटं. तू कधी सांगितलं नव्हतंस. तुला पकडायला वाचलेल्या पुस्तिकेतलं होतं ते, आणि मी ते तुझ्या तोंडी घातलं. मग कोणी म्हणालं, निदान अर्ध्यावर तरी आणा. मी म्हटलं, तेही नाही. तो वरच राहील.

लोक माझ्याकडे कसे बघत होते म्हणून सांगू. बसमध्ये मी ज्या नजरेनं बघायचो, त्याच नजरेनं. मागून एक आवाज आला, "मेल्यावरही वैर सोडत नाही हा मानूस." एका परीनं तेही खरंच होतं. तुझ्या खांबाच्या दोरीला धरून मी उभा होतो आणि रडूही येत होतं आणि कोणाला खरं वाटणार नाही म्हणून रडताही येत नव्हतं. तेव्हा वहिनी, मला कंडक्टर न म्हणता नाना म्हणणाऱ्या, आतून उठून दारात आल्या. म्हणाल्या, "नाना म्हन्तात ते बराबर हाये. हे असते तं रागावले असते." त्यावर विषय संपला.

काल दहावं झालं. तुझा मुलगा पुण्याला परत जायची तयारी करतोय, तेरवीपर्यंत आहे. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, तो खांब मी काढून टाकतो. बाबांनी तुम्हाला फार त्रास दिला त्या जागेवरून. तुम्ही खुशाल गाडी लावा." इतकी वर्षं हेच वाक्य ऐकायला मी तरसलो होतो. ऐकलं, आणि मला पहिला संशय आला की याला पूर्ण बोळ पाहिजे असेल. दुसरा विचार आला, खांब गेला तर सकाळी ओट्यावर बसून मी बघू कशाकडे. मी म्हटलं, "राहू दे. त्याची दोरी बदलायची आहे."

आणि आज सकाळी वहिनींनी मला आत बोलावलं. पेटी उघडी होती. वरच्या बाजूला नवे झेंडे, खादीच्या दुकानाच्या कागदात. तळाशी धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं.

"हे तुमचं हाये, नाना."

"माह्यं? काय हाये?"

"मले नाही माहीत. हे म्हनत, नानाचं ठेवनं हाये, तो येईन न्यायले. सोडू नको म्हनत, मी नाही सोडलं. मी म्हने, देऊन काऊन नाही टाकत? तं म्हने, त्याचं त्यानं मागाव." मग पेटीचं झाकण लावत म्हणाल्या, "तुम्ही नाही मागतलं. पन आता कोन ठेवते?"

मी घरी येऊन दार लावून ते सोडलं. माझे हात तेव्हाही ओले होते. आत तो झेंडा होता. धुतलेला, वाळवलेला, चक्र वर येईल अशी घडी केलेला. तीन ठिकाणची कड तशीच, सरळ, स्वच्छ कापलेली. घडीवर कागदाच्या पुडीत अर्धं ब्लेड. त्याला तू तेल लावून ठेवलं होतंस, गंजू नये म्हणून. बघ, इथंही माझं डोकं आधी तिकडंच गेलं. म्हटलं, पुरावा जपून ठेवला होता लबाडानं. पोलिसात द्यायला. मुलाला दाखवायला. मी ती पुडी घट्ट मुठीत धरून कितीतरी वेळ बसलो होतो.

मग गाठोड्यात हात घातला तर खाली एक काडेपेटी होती.

मी तशीच ती घेऊन परत वहिनींकडे गेलो. विचारलं, ही कशाला ठेवली होती त्यानं? वहिनी म्हणाल्या, "काय माहीत. पावसाया सरला का ते गाठोडं काढत, जुनी काडीपेटी चुलीले देत आन नवी ठेवत त्याच्यात. दोनदा बदलली."

दोन पावसाळे, शेषराव. तुला पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. बोटांनी कड धरलीस तेव्हाच. बाकीचे सगळे झेंडे तू स्वतः जाळलेस, गावभरचे वेचून जाळलेस, हा एक तेवढा बाजूला ठेवलास. मी येईन म्हणून. हरभऱ्याच्या जुडीत काही नव्हतं. दवाखान्याच्या बाकावरही काही नव्हतं. सगळं या फडक्यात होतं, आणि मी रोज तुझ्या दारापर्यंत येऊन दोरीबद्दल बोलून परत जात होतो. मी किती करंटा माणूस आहे, हे मला कोणी इतक्या चांगुलपणानं कधी दाखवलं नव्हतं.

तरी खरं सांगू का? हे लिहितानाही मला वाटतंय, यातही तुझी काही युक्ती असेल. खांब काढू नये म्हणून हे केलं असशील. केलं असशील तर जमलं तुला.

मी लगेच निघालो. विहिरीवर झेंडा पुन्हा धुतला. तू धुतलेलाच होता, पण माझ्या हातचा नव्हता. बाभळीखाली वाळत घातला आणि बसून राहिलो. या वेळी तुरीत कोणी लपलेलं नव्हतं, मी दोनदा उठून पाहिलं. बांधाच्या आड तुझी जागा होती, मातीचा रंग तिथं वेगळा झालाय. ती झाडली. तू मरायच्या दिवशी वेचून रचलेल्या पऱ्हाट्या तशाच पडल्या होत्या, त्यातल्याच घेतल्या. चपला काढल्या. ब्लेडचा तुकडा आधी खोल पुरला. कापलेल्या कडा आत घेऊन घडी घालणार होतो, मग तशाच राहू दिल्या.

माफ कर, असं मोठ्यानं म्हणालो. शेतात कोणी नव्हतं.

गाठोड्यातली काडेपेटी काढली. वारा सुटला होता. म्हटलं, दहा काड्या वाया जातील. पहिलीच काडी पेटली.